तुटावा म्हणून बांधलेला बांध

नात नागपूरला आर्किटेक्चर शिकते. तिच्या एका पुस्तकाचं वजन आमच्या वरवंट्याहून जास्त आहे. जगभरातली जुनी शहरं, देवळं, किल्ले, बागा, कालवे, सगळं त्या एका पुस्तकात कोंबलेलं. जूनच्या सुटीत तिने ते उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. आधी मांडीने तक्रार केली, मग मी.

"आजी, हे बघ, अंगकोर. कंबोडियातलं. लोक जातात देवळं पाहायला, पण खरं शहर पाण्याचं होतं. एवढाले तलाव, कालवे, पाणी अडवणाऱ्या मातीच्या पाळी. एकेका राजाने भर घातलेली."

"मग?"

"मग कधी अवर्षण, कधी मोठाले पूर. सगळं एकात एक गुंतलेलं होतं ना, एक तोंड बुजलं की दुसरीकडे फाटायचं. हळूहळू सगळं जाळंच मोडलं."

पान उलटून तिने श्रीलंकेतला एक तलाव दाखवला. पाळीच्या पोटात दगडी चौकोनी विहीर. तलावाचं पाणी आधी त्या विहिरीत उतरतं, तिथे त्याचा जोर मरतो, मग ते शांतपणे कालव्याला लागतं. चित्र सुंदर होतं. मी चष्मा वर करून पाहत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आपल्या तलावाच्या सांडव्यापाशी फरश्या येऊन पडल्यात, पाहिल्यास? पंचायत तिथे कायमची भिंत घालणार म्हणे. तू इथे इतकी वर्षं आहेस. आधी काय होतं तिथे?"

मी म्हटलं, "चहा ठेव."

तिला वाटलं मला चहा हवाय. मला जरा वेळ हवा होता. तो मी अठ्ठेचाळीस वर्षं घेतलाय, आणखी दोन कप घेतला तर काय बिघडणार होतं!

आमचं गाव नागभीडच्या अलीकडे, धानाच्या पट्ट्यात. गावाच्या उशाला तलाव, तलावाखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घालून केलेली छोटी शेतं. मी इथली नाही. मी चांद्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूरची, आणि तीही परकोटाच्या आतली. गोंडराजांनी शहराभोवती घातलेली ती दगडी भिंत आमच्या घराच्या मागे होती आणि लहानपणी मला वाटायचं की ती आमच्याच घरासाठी बांधलीय. पाहुणे आले की मी त्यांना भिंत दाखवायला न्यायची आणि अशा थाटात दाखवायची जणू त्यातले दोन-चार दगड माझ्या हातचे आहेत. कॉलेजात इतिहास घेतला तो त्या भिंतीच्याच जोरावर. जे दगडाचं, उंच आणि न पडलेलं, ते इतिहास. उरलेलं सगळं जंगल.

अशी ही बावीस वर्षांची बाईसाहेब या गावच्या शाळेवर मास्तरीण म्हणून उतरली. अंगावर कडक इस्त्रीची साडी, हातात छत्री, पेटीत गुंडाळलेले तक्ते. तक्त्यांवर मी स्वतः रंगवलेलं बाबिलोन होतं, नाइल होती आणि रोमचा तो पाणी वाहून नेणारा कमानींचा पूल होता. कमानी एकीकडे कलल्या होत्या, पण ते पुढे कधीतरी. शाळेत एक खोली, वर टिनाचं छप्पर. माझ्याआधी आलेला प्रत्येक मास्तर वर्ष पुरं व्हायच्या आत बदली करून पळाला होता, आणि मी किती महिने टिकते यावर गावात पैजा लागल्या होत्या, हे मला फार नंतर कळलं.

तिसरी-चौथीला एकत्र बसवून मी जुनी शहरं शिकवत होते. म्हटलं, "बघा, जगात माणसांनी काय काय बांधून ठेवलं. आपल्याकडे काय आहे?"

पहिल्या ओळीतली एक पोरगी उठली. "बाई, आपल्याकडे तलाव हाये."

"तलाव म्हणजे इतिहास नव्हे. खाली बस."

ती बसली. ती तलाव राखणाऱ्याची पोरगी होती. तिला आई नव्हती. बाप तिला रोज स्वतः वेणी घालून शाळेत पाठवायचा, आणि वेणी माझ्या कमानींसारखीच एकीकडे कललेली असायची.

तिच्या बापाला सगळे बाबाच म्हणत. काटक माणूस, पायात कधी काही नाही. तलावाचं पाणी सोडायचं, अडवायचं, कोणत्या बांधीला आधी आणि कोणत्या बांधीला मागून, हे सगळं त्याच्याकडे. हे काम त्याच्या बापाकडे होतं, त्याच्या आजाकडे होतं. त्यापलीकडचं विचारलं की तो म्हणायचा, "राजानं सांगतलं, तळं बांध अन् जमीन खा. कोनता राजा, थे मले नाई मालूम." मला मालूम होतं! ज्या राजांची भिंत मी पाहुण्यांना दाखवत होते, त्यांच्याच राज्यात हे तलाव बांधले गेले होते. पण राजाची भिंत बघताना मान वर करावी लागते आणि तलाव बघताना खाली, आणि त्या वयात माझी मान खाली वळत नव्हती.

आता सांडव्याची गोष्ट. तलाव भरला की जास्तीचं पाणी पाळीवरून वाहू नये म्हणून एका टोकाला पाळ सखल ठेवलेली असते. तिथून पाणी आपोआप सांडतं, म्हणून तो सांडवा. पाळ मातीची. तिच्यावरून एकदा पाणी चढलं की ती लोण्यासारखी कापली जाते. सांडवा तिला वाचवतो.

पण बाबा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक वेगळंच काम करायचा. पोळ्याला इकडे दारादारात पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत ते मेढे गावाबाहेर टाकून येतात. गावाने टाकून दिलेली ती पीडा बाबा वेचून आणायचा, सांडव्यावर आडवी अंथरायचा आणि वरून चिखल थापून हातभर उंचीचा आडबांध घालायचा. पाऊस सरत आलेला असतो, त्यामुळे तलावात तेवढं हातभर पाणी जास्त राहतं, आणि तेवढ्यावर शेवटच्या बांध्यांचं धान निसवतं.

मी छत्री घेऊन पाहायला गेले.

"बाबा, हे टिकणार का?"

"नाई जी बाई. हे तुटाले बांधतो."

"तुटायला?"

"हत्तीचा पाऊस जोरात आला का हा पहिले जाईन. हा गेला का पाळ वाचन. पाळ वाचली का गाव वाचन. याले मरासाठीच ठेवलं हाये."

हत्तीचा पाऊस म्हणजे हस्ताचा. तो काही वर्षी येतो, काही वर्षी नुसती सोंड दाखवून जातो. मला एवढंच ऐकू आलं की हा माणूस दरवर्षी तुटणारी वस्तू बांधतो आणि दरवर्षी ती तुटते. तिकडे रोममधल्या माणसाने बांधलं ते अजून उभं आहे आणि आमचा माणूस पोळ्याच्या कचऱ्यावर चिखल थापतोय! परतताना मी मनातल्या मनात एक भाषणच रचलं. त्या भाषणातलं एक वाक्यही आता मी नातीला ऐकवणार नाही. लाज थोडी तरी शिल्लक ठेवावी.

पुढच्या वर्षी शाळेची मुतारी बांधली, त्यातली चार पोती सिमेंट उरली. बाईसाहेबांच्या डोक्यात दिवा लागला. श्रमदान! पोळ्याला आठवडा होता. पोरांना रांगेने सांडव्यावर नेलं, नाल्यातले दगड वाहिले, गावातला एक गवंडी धरून आणला आणि दोन दिवसांत कमरेएवढी पक्की भिंत उभी केली. ओल्या सिमेंटवर मी खिळ्याने शाळेचं नाव आणि खाली 'श्रमदान' असं कोरलं. रोमन लोक कोरत असत ना, म्हणून.

बाबा पाळीवर उकिडवा बसून पाहत होता. "बाई," तो म्हणाला, "भिंत बेस झाली. पन थे इथी नाई पायजे. थे कच्चंच पायजे."

"बाबा, पोरांनी घाम गाळलाय. त्यांच्यासमोर असं बोलू नका."

तो बोलला नाही. मास्तरीण बोलली म्हणजे पुस्तक बोललं, असा तो काळ. गावाने मात्र तोंड भरून कौतुक केलं. शेवटच्या बांध्यांना त्या वर्षी हातभर नाही, दोन हात पाणी जास्त मिळणार होतं. तलाव गळ्यापर्यंत भरला. मी रोज संध्याकाळी भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. पाणी माझ्या अक्षरांना लागलं त्या दिवशी मी पेढे वाटायची बाकी होते.

हत्ती त्या वर्षी आला.

तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळा भरलेली होती. टिनावर पाऊस असा वाजत होता की मलाच माझा आवाज ऐकू येत नव्हता. तरी मी शिकवत होते, कारण घड्याळात इतिहासाचा तास होता. दारात बाबा येऊन उभा राहिला. नखशिखांत ओला, धापा टाकत होता. मी दाराशी गेले.

"बाई, सब्बल द्या."

बाग खणायला शाळेने एक जाड लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेतली होती. गावात तेवढी मजबूत दुसरी नव्हती.

"कशाला?"

"भिंत फोडाची हाये. पानी पाळीले लागून राह्यलं. तुडूम कवाचाच उघडला, पुरून नाई राह्यला."

तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून पाणी सोडायची दगडी मोरी. नातीच्या पुस्तकातल्या विहिरीची ती गावाकडची बहीण. पण मोरी ती मोरीच, तिच्यातून जाऊन जाऊन किती जाणार?

मी काय केलं ते नीट सांगते, कारण गेली अठ्ठेचाळीस वर्षं मी ते स्वतःलाही तिरकं सांगत आलेय. मी हात आडवा केला. म्हटलं, "भिंत पोरांची आहे. ती अशी फोडता येणार नाही. तास संपू द्या, मी येते, आपण पाहू." आणि मी आत जाऊन उरलेला तास शिकवला. मला राग आला होता. पाण्याचा नाही. हा माणूस माझी भिंत फोडू बघतोय, याचा.

तो थोडा वेळ दारातच उभा राहिला. मग धावत गेला. कुणाची तरी पहार मिळवून त्याने भिंतीवर घाव घातले असावेत, कारण पुढे मला तिच्यावर खाचा दिसल्या. गवंड्याने काम चोख केलं होतं. तास संपायच्या आत टिनाच्या आवाजाहून मोठा, जमिनीतून येणारा एक आवाज झाला. मग गाव ओरडलं.

पाळ मधोमध फुटली होती. माणूस मेलं नाही, देवाची कृपा. दोन बैल गेले. दुधावर आलेलं धान रेतीखाली गाडलं गेलं, खालच्या बांध्या तर पुढे चार-पाच वर्षं पिकल्या नाहीत. आणि सांडव्यावरची माझी भिंत? जशीच्या तशी! अक्षरं सुद्धा सुवाच्य. लोक तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "पाहा, बाईची भिंत तेवढी टिकली."

मग गाव विचारू लागलं की पाळ फुटायच्या आधी, पाणी चढत होतं तेव्हा बाबा कुठे होता. तलावावर नव्हता. कुणीतरी म्हणालं, मोहाची पिऊन पडला असेल. कुणीतरी म्हणालं, असेल कशाला, होताच. तो कुठे होता हे मला माहीत होतं. तो माझ्या दारात होता. मी म्हणाले नाही.

हिवाळ्यात सरकारी साहेब पाहणीला आला. पाळीवर पंधरा-वीस माणसं जमली होती, मीही छत्री घेऊन होते. छत्रीशिवाय मला बहुतेक उभंच राहता येत नसावं. साहेब सांडव्यापाशी थांबला आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे कोणत्या शहाण्याने बांधलं?"

शहाणी दहा पावलांवर उभी होती. तेवढ्यात बाबा पुढे झाला.

"मीच सांगतलो बांधाले, साहेब. पोट्टे लहान, बाई नवीन. त्यायले काय समजते? मी म्हनलो, बांधा."

साहेबाने त्याला चारचौघांत झापलं. भिंत फोडायला लावली. गावाला आता दारू आणि अक्कल, दोन्ही कारणं मिळाली. पुढच्या पावसाळ्याआधी तलाव त्याच्याकडून काढून घेतला.

काही दिवसांनी तो मला वाटेत दिसला. मी विचारलं, "बाबा, तुम्ही असं का सांगितलंत?"

तो म्हणाला, "तुमची बदली झाली असती. पोट्टी चवथीत हाये."

एवढंच. त्याने माझ्यावर उपकार केला नव्हता. त्याला त्याच्या पोरीसाठी शाळा हवी होती, आणि त्या शाळेत जी मिळाली ती मास्तरीण होती. मी त्यावर आभारही मानले नाहीत. म्हटलं, "बरं."

मी टिकले. पैजा लावणारे हरले. इथल्याच एका शेतकऱ्याशी लग्न केलं, पोरं झाली, शाळा सातवीपर्यंत नेली, निवृत्तीला गावाने शाल दिली. नवऱ्यालाही मी हे कधी सांगितलं नाही. बाबा मिरची तोडायला तेलंगणात जायचा आणि पावसाळ्यात परत यायचा. मरेपर्यंत त्याने तलावाच्या पाळीवर पाय ठेवला नाही. पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जायचं तर पाळीवरून सरळ वाट आहे. तो बांध्यांच्या धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांमधल्या अरुंद बांधांवरून, चिखलातून वळसा घालून जायचा. शाळेच्या खिडकीतून मला तो वळसा पूर्ण दिसायचा. मी फळ्याकडे तोंड करायची. माझं अक्षर त्या वर्षांत फार सुधारलं.

तर नातीने विचारलं ते असं. आणि चहा पिऊनही मी तिला काही सांगितलं नाही. म्हटलं, "आधी तिथे चिखल होता." खोटं नव्हतं.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. सरपंचांनी कागद वाचून दाखवला. तलावाचं सौंदर्यीकरण. पाळीवर फरशी, बसायला बाकडी, सांडव्यावर कायमची भिंत, तिच्यावर फोटो काढायची जागा. भिंतीने पाणी वाहून जाणार नाही, शेवटच्या बांध्यांनाही मिळेल. लोकांनी माना डोलवल्या. मला वाटलं हे भाषण मी कुठेतरी ऐकलंय. मग आठवलं, ते माझंच होतं.

बायकांमधून बाबाची पोरगी उठली. पोरगी कसली, साठीकडे झुकलेली बाई, तलावाखालची बापाची जमीन कसते. दर पावसाळ्यात तरोट्याची भाजी खुडून माझ्या ओट्यावर आणून ठेवायची. "सांडवा बुजवू नका," ती म्हणाली. "भिंत नाई पायजे. माहा बाप तिथी कच्चं बांधे."

मागून एकजण म्हणाला, "तुह्या बापाच्या भरोशावर तं तलाव फुटला ना वं! थो दिवसा कुठी पडला होता, आजलोक कोनाले समजलं नाई."

लोक हसले. फार वाईट नाही, जुन्या गमतीला हसतात तसे. ती खाली बसली. पहिल्या ओळीत मी तिला बसवलं होतं तशीच.

मी उठले. गुडघा, काठी, खुर्ची यांचं आपसांत जमेपर्यंत सरपंच पुढच्या विषयावर गेले होते. मी म्हटलं, "थांबा. तो कुठे पडला नव्हता. तो इथे होता. या दारात. माझ्याकडे सब्बल मागत होता भिंत फोडायला, आणि मी दिली नाही."

कुणाला काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. मेढे, आडबांध, चार पोती सिमेंट, तास, साहेब. साहेबापुढे तो काय बोलला ते सांगताना मी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे.

सरपंच म्हणाले, "बाई, जाऊ द्या ना. जुनी गोष्ट आहे."

"जुनी आहे म्हणूनच तुमच्या फरश्या येऊन पडल्यात. मला तेविसाव्या वर्षी कुणीतरी चारचौघांत सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

भिंतीचा विषय पावसाळ्यानंतर पाहू असं ठरलं. म्हणजे काय ठरलं, ते मला माहीत नाही. फरश्या अजून तिथेच आहेत.

सभा सुटल्यावर ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल, द्याव्यात. तिने विचारलं, "त्या दिवशी बाबा शाळेत सब्बलसाठी आले होते?"

"हो."

"मले नाई पाहाले?"

मला कळेना. ती हळूहळू बोलली. टिनाच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नव्हतं. तिने फक्त बापाला दारात ओलंचिंब उभं पाहिलं होतं. आदल्या रात्री तिला ताप होता. तिला वाटलं, बाप तलाव सोडून आपल्याला पाहायला आला, आणि तेवढ्यात पाळ फुटली. "मी कवाच कोनाले नाई सांगतलं, बाई. सांगतलं असतं तं लोक म्हनले असते, पोट्टीपायी गाव बुडवलं. मले वाटे, माह्याचपायी फुटला."

आणि तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. नऊ वर्षांची होती तेव्हापासून ती हे घेऊन फिरत होती, आणि मी फळ्यावर अक्षर सुधारत होते. मी पापाची मोजदाद करताना बैल धरले होते, धान धरलं होतं, बाबाची इज्जत धरली होती. ही धरलीच नव्हती. मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला, रागाने नाही, ओल्या हाताला काही चिकटलेलं काढावं तसा.

त्यानंतर तरोट्याची भाजी आली नाही. मी ओट्यावर बसून वाट पाहिली, हे कबूल करते. म्हातारीला भाजीपेक्षा भाजी आणणारी हवी असते.

पोळ्याला नात घरी आली. तिला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, पुस्तकात बांधणाऱ्यांची नावं असतात. राजांची. तो आडबांध दरवर्षी कोण बांधायचं ते कुठेच नसतं." मी म्हटलं, "असतं कसं! दरवर्षी वाहून जातं."

दुसऱ्या दिवशी पोरं मारबत ओरडत मेढे टाकून गेली. थोड्या वेळाने गावाबाहेर मला ती दिसली. वाकून पळसाच्या फांद्या वेचत होती, डोक्यावर भारा. तिने बोलावलं नाही. मी काठी घेतली आणि नातीला घेतलं. गेले.

सांडव्यावर तिने फांद्या आडव्या अंथरल्या होत्या. मी खाली बसले, म्हणजे पडलेच, आणि चिखल थापू लागले. नात चिकट चिखल शोधून आणत होती. मी जीव लावून थापत होते. थापायची, मग मुठीने दाबायची.

"लई नका दाबू, बाई," ती म्हणाली. "तुटलं पायजे."

"कितपत दाबू?"

तिने माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं. बापाने तिला दाखवलं असेल, शाळेत घालायच्याही आधी. हात काढून घेतला आणि परत आपल्या बाजूला वळली. त्याहून जास्त ती काही बोलली नाही आणि मी मागितलं नाही.

उन्हं कलली तेव्हा हातभर आडबांध उभा होता. ओबडधोबड, पानं बाहेर आलेली. नातीने फोटो काढला. ती बाई भारा बांधायचा दोर झटकून पाळीवरून घराकडे निघाली, मागे नातही.

मी पाळीवर चढले नाही. खाली उतरले, धुऱ्यावर. त्याचा वळसा मी खिडकीतून हजारदा पाहिला होता, चालले एकदाही नव्हते. चिखलाने पहिल्याच बांधीत चप्पल गिळली. दुसरीपर्यंत दुसरी. लांब आहे. खिडकीतून दिसतो त्याहून फार लांब आहे.

"आजी!" पाळीवरून नात ओरडली. "इकडून ये ना! इकडून जवळ आहे!"

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि काठी पुढच्या धुऱ्यावर टेकली.